अशर सिंड्रोम : ऐकणे आणि पाहणे या दोन्हींवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक विकाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशर सिंड्रोम म्हणजे नेमके काय?

जन्मापासून किंवा लहान वयापासून ऐकू कमी येणे आणि पुढे डोळ्यांच्या पडद्याला 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' हा विकार जडून दृष्टी हळूहळू आकसत जाणे, या दोन्ही गोष्टी एकाच जनुकातील दोषामुळे एकाच व्यक्तीत घडतात, तेव्हा त्या विकाराला अशर सिंड्रोम म्हणतात. काही जणांत अंतःकर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणाही जन्मतःच निकामी असते. बुद्धीवर या विकाराचा परिणाम होत नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण हाक मारल्यावर न वळणारे, उशिरा चालायला लागलेले आणि संध्याकाळी वस्तूंना धडकणारे मूल 'मंद' आहे असे ठरवून टाकायला आजूबाजूच्या लोकांना फार वेळ लागत नाही.

दर एक लाख लोकांमागे साधारण ४ ते १७ जणांना हा विकार असतो, असा अंदाज आहे. हा आकडा लहान वाटतो, पण तो पाहण्याची दुसरी रीत अशी की, उपजत कर्णबधिर मुलांपैकी ३ ते ६ टक्के मुलांना अशर सिंड्रोम असतो. म्हणजे शंभर मुलांच्या कर्णबधिर शाळेत अशी तीन ते सहा मुले असू शकतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या डोळ्यांकडे अजून कोणाचे लक्षही गेलेले नसते.

हे नाव कोठून आले?

चार्ल्स अशर या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञाने १९१४ मध्ये हा विकार कुटुंबांत पिढीजात चालत येतो, हे दाखवून दिले. त्याआधी १८५८ मध्ये जर्मनीतील आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी असा रुग्ण नोंदवला होता, आणि १८६१ मध्ये त्यांचे शिष्य रिचर्ड लीब्राइख यांनी बर्लिनमधील कर्णबधिरांची तपासणी करून त्यांच्यातील काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर काळे डाग असल्याचे आणि रक्ताच्या नात्यातील विवाहांशी त्याचा संबंध असल्याचे निदर्शनास आणले होते. नाव मात्र अशर यांचे चिकटले.

कान आणि डोळा हे वेगवेगळे अवयव. मग एकाच दोषामुळे दोन्ही कसे बिघडतात?

अंतःकर्णातील शंखाकृती भागात सूक्ष्म केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात. या तुऱ्यातील केस पायऱ्यापायऱ्यांनी उभे असतात आणि एका केसाचे टोक शेजारच्या उंच केसाशी अतिशय बारीक धाग्याने जोडलेले असते. आवाजाच्या लहरीने तुरा कलला की हा धागा ताणला जातो, पेशीचे द्वार उघडते आणि मेंदूकडे संदेश निघतो. हा धागा कॅडहेरिन-२३ आणि प्रोटोकॅडहेरिन-१५ या दोन प्रथिनांनी वळलेला असतो. या दोन्ही प्रथिनांची जनुके अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारातील दोषी जनुकांच्या यादीत आहेत. धागाच नीट वळला गेला नाही, तर आवाज कानात शिरतो, पण पुढे जात नाही.

डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आणि भरउजेडातील रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी. या पेशींचा प्रकाश टिपणारा भाग आणि प्रथिने तयार करणारा भाग यांच्यामध्ये एक अरुंद देठ असतो आणि त्यातून प्रथिनांची सतत वाहतूक चालू असते. कानातील तुऱ्याची बांधणी करणाऱ्या प्रथिनांपैकीच काही प्रथिने या देठाच्या आसपास काम करतात. फरक असा की, कानातील बिघाड बांधणीतलाच असल्यामुळे बहुधा जन्मतःच दिसतो, तर डोळ्यातील पेशी काही वर्षे तग धरतात आणि नंतर एकेक करून मरू लागतात. निदान उशिरा होण्याचे मूळ या मधल्या वर्षांत आहे.

या विकाराचे प्रकार किती आणि त्यांत फरक काय?

मुख्य प्रकार तीन आहेत. पहिल्या प्रकारात मूल जन्मतः पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे बहिरे असते, श्रवणयंत्राचा फारसा उपयोग होत नाही आणि तोल सांभाळण्याची यंत्रणा काम करत नसल्यामुळे मान धरणे, बसणे, चालणे हे सगळे उशिरा होते. दीड वर्ष उलटून गेल्यावर चालायला लागलेले कर्णबधिर मूल दिसले की या प्रकाराची आठवण व्हायला हवी. रातांधळेपणा पहिल्या दहा वर्षांतच सुरू होतो.

दुसऱ्या प्रकारात मध्यम ते तीव्र श्रवणदोष जन्मतः असतो, तो बहुधा स्थिर राहतो, तोल चांगला असतो आणि मूल वेळेवर चालते. येथे खालच्या पट्टीचे आवाज त्यातल्या त्यात बरे ऐकू येतात आणि वरच्या पट्टीचे हरवतात. त्यामुळे भांडे पडल्याचा आवाज ऐकून मूल वळते आणि घरच्यांना ते चांगले ऐकते असे वाटते, पण 'सात' म्हटले तर त्याला 'आत' ऐकू येते, कारण 'स', 'श', 'फ' यांसारखे उच्चार वरच्या पट्टीतले असतात. या प्रकारात अंधारात दिसेनासे होणे साधारणपणे किशोरवयात लक्षात येते. जगात सर्वाधिक आढळतो तो हाच प्रकार.

तिसरा प्रकार त्यामानाने विरळ आहे, मात्र फिनलंडमध्ये आणि अश्केनाझी ज्यू समाजात तो जास्त आढळतो. यात बोलायला शिकल्यानंतर ऐकणे हळूहळू कमी होत जाते, आणि दृष्टी व तोल यांचे कमीजास्त होणे प्रत्येकात निराळे असते.

आमच्या दोन्ही घराण्यांत कोणालाही असे काही नाही. मग हा आजार आनुवंशिक कसा?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारते, आणि त्यामागे पुष्कळदा न बोललेला दुसरा प्रश्न असतो : दोष कोणाकडून आला, आईकडून की वडिलांकडून? उत्तर असे की दोघांकडून, सारखाच, आणि दोघांपैकी कोणाचीही चूक नाही.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. अशर सिंड्रोम होण्यासाठी एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एक प्रत सदोष आणि एक चांगली असेल तर ती व्यक्ती केवळ वाहक असते आणि तिचे कान-डोळे शाबूत असतात. असा दोष पिढ्यान् पिढ्या एका घरात मुकाट चालत राहू शकतो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला विकार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि दोन्ही प्रती चांगल्या मिळण्याची चारात एक असते. 'पहिल्याला झाला, आता पुढचे तिघे सुटले' हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात.

नात्यातल्या लग्नाचा याच्याशी किती संबंध आहे?

संबंध आहे. दुर्मीळ सदोष प्रत दोन परक्या घरांत योगायोगाने एकत्र येण्यापेक्षा एकाच आजी-आजोबांकडून दोन नातवंडांत उतरणे आणि त्यांच्या लग्नामुळे पुन्हा एकत्र येणे अधिक संभवनीय असते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीवर मुलाचा हक्कच मानला जातो, तर कर्नाटक आणि तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात मामा-भाचीचे विवाहही होत आले आहेत.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. अशर सिंड्रोम असलेल्या मुलाने सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केले, असे समजा. मुलाची आई वाहक असणार हे उघड आहे. मामाकडे तीच सदोष प्रत असण्याची शक्यता दोनात एक, म्हणून त्याच्या मुलीकडे ती असण्याची एकूण चारात एक, आणि ती वाहक असेल तर होणाऱ्या मुलाला विकार होण्याची शक्यता दोनात एक. एकूण शक्यता आठात एक झाली. नात्याबाहेरच्या जोडीदाराशी विवाह केला तर ही शक्यता पुष्कळच खाली येते. विकार असलेल्या व्यक्तीची सर्व मुले वाहक मात्र असणारच, कारण तिच्याकडे देण्यासाठी चांगली प्रत नसतेच.

ही माहिती सोयरीक जुळण्याआधी उपयोगाची असते. साखरपुडा झाल्यानंतर ती कोणाला ऐकायची नसते. अर्थात, नात्यात लग्न न करताही हा विकार होतो, आणि नात्यात लग्न झालेल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात, हेही तितकेच खरे आहे. झालेल्या लग्नावरून आई-वडिलांना बोल लावण्यात अर्थ नाही.

अशर सिंड्रोम असलेल्या दोघांनी एकमेकांशी लग्न केले तर?

कर्णबधिर शाळांतून आणि संस्थांतून ओळखी होत असल्यामुळे असे विवाह होतात. दोघांचे दोषी जनुक एकच असेल, तर प्रत्येक मुलाला विकार होईल. जनुके वेगवेगळी असतील, तर मुले दोन्ही दोषांची वाहक होतील, पण त्यांना ऐकू येईल आणि दिसेल. म्हणून अशा जोडप्याने लग्नाआधी आपापले जनुक कोणते, हे जाणून घ्यावे.

रातांधळेपणा म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता, असे शाळेत शिकलो होतो. गाजर, पपई आणि शेवग्याने फरक पडणार नाही का?

शाळेत शिकलो ते खोटे नव्हते, अपुरे होते. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावामुळे रातांधळेपणा येतो आणि तो त्या जीवनसत्त्वाने बरा होतो. परंतु रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये पेशी उपाशी नसतात, त्या मरत असतात. आपल्याकडे या एका धड्याने बरेच नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. 'पोराला संध्याकाळी दिसत नाही' असे आईने म्हटल्यावर घरातील वडीलधारे गाजर-पपई सुरू करतात, कोणी काळजीपोटी औषधांच्या दुकानातून कॅप्सूल आणून देतो, आणि या समाधानात दोन-तीन वर्षे निघून जातात. मूल कर्णबधिर असेल आणि त्याला अंधारात दिसत नसेल, तर आहाराचा विचार नंतर करावा आणि पडद्याच्या तज्ज्ञाकडे आधी जावे.

मोठ्या मात्रेतील 'अ' जीवनसत्त्वामुळे रेटिनायटिस पिगमेंटोसाची वाटचाल किंचित मंदावते, असे १९९३ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. त्या निष्कर्षांवर पुढे शंका घेतल्या गेल्या आहेत. शिवाय मोठी मात्रा यकृताला घातक ठरू शकते आणि गरोदरपणात गर्भाला अपाय करू शकते. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नये. पपई मात्र खुशाल खावी, ती चांगलीच असते.

दृष्टी जाते म्हणजे नक्की काय होते? सगळे अंधूक दिसू लागते का?

नाही, आणि इथेच घरच्यांची गल्लत होते. आधी दंडपेशी मरतात, म्हणून पहिल्यांदा अंधुक उजेडातील दृष्टी जाते. उन्हातून घरात आल्यावर डोळे स्थिरावायला फार वेळ लागतो. त्यानंतर बाजूचे दिसणे कमी होऊ लागते. मधली दृष्टी मात्र कितीतरी वर्षे तीक्ष्ण राहते. एखादा तरुण फळ्यावरचे बारीक अक्षर वाचतो, मोबाइलवर संदेश टाइप करतो, आणि उठून चालू लागला की पायाशी पडलेल्या बादलीला अडखळतो. पाहणाऱ्याला वाटते, हा वेंधळा तरी आहे किंवा सोंग तरी करतो आहे.

हे समजून घ्यायचे असेल तर हात समोर ताठ धरून मूठ वळावी. त्या मुठीची रुंदी दृष्टीच्या क्षेत्रात साधारण १० अंश व्यापते. दोन्ही डोळ्यांनी मिळून माणसाला आडवे सुमारे १८० अंश दिसते. विकार पुढे गेल्यावर अनेकांकडे त्या मुठीएवढीच खिडकी उरते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्या खिडकीत मावतो, पण त्याने पुढे केलेला हात मावत नाही. नमस्काराला प्रतिसाद मिळाला नाही म्हणून रुसलेले नातेवाईक हा प्रयोग एकदा करून पाहतील, तर बरे होईल.

पुढे शंकुपेशीही कमी होत जातात. पूर्ण अंधार मात्र सर्वांच्याच वाट्याला येत नाही. बऱ्याच जणांना उतारवयापर्यंत मध्यभागी थोडी दृष्टी किंवा निदान उजेडाची जाणीव राहते. वेग प्रत्येकाचा वेगळा असतो, एकाच घरातील दोन भावंडांचाही. म्हणून 'अमुक वयाला दिसायचे बंद होईल' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

कोणत्या खुणांवरून शंका घ्यावी?

दिवेलागणीच्या सुमारास खेळ अर्धा टाकून मूल घरी येते किंवा आईचा पदर धरून चालू लागते. लोडशेडिंग झाले की बसल्या जागेवरून हलत नाही. उंबरठ्याला ठेच लागते, पायरी चुकते, बाजूने दिलेला चेंडू दिसत नाही. सांकेतिक भाषेत बोलताना समोरचा फार जवळ आला की त्याच्या हातांच्या खुणा सुटतात. जमिनीवर पडलेला खडू शोधण्यासाठी ते मान सतत इकडून तिकडे फिरवते. कर्णबधिर शाळेतील शिक्षकांना या गोष्टी डॉक्टरांच्या आधी दिसू शकतात, कारण डॉक्टर मुलाला लख्ख उजेडाच्या खोलीत दहा मिनिटे पाहतात आणि शिक्षक ते स्नेहसंमेलनाच्या अंधारात रंगमंचाच्या मागे चाचपडताना पाहतात.

तीन वर्षांचा असताना डोळे तपासले होते. ते चांगले निघाले. पुन्हा तपासायला हवेत का?

होय, हवेत. या पानावरील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी. लहान वयात पडदा वरवर चांगला दिसू शकतो. पडद्यावर हाडांच्या जाळीसारखे दिसणारे काळे डाग पुढे उमटतात, आणि अक्षरांच्या तक्त्यावर तर मूल मोठे होईपर्यंत ६/६ वाचू शकते. कारण न कळलेला जन्मजात श्रवणदोष असलेल्या प्रत्येक मुलाचे डोळे ठरावीक काळाने, किशोरवय संपेपर्यंत, पडद्याच्या तज्ज्ञाकडून तपासले गेले पाहिजेत. कानाचे डॉक्टर एका इमारतीत, डोळ्यांचे दुसऱ्या इमारतीत आणि दोघांची फाइल वेगळी, ही आपल्याकडची रीत आहे. ती बदलेपर्यंत दोन्ही कागद एका पिशवीत ठेवण्याचे आणि 'याला जन्मापासून ऐकू येत नाही' हे डोळ्यांच्या डॉक्टरांना न विचारता सांगण्याचे काम आई-वडिलांनाच करावे लागेल.

कोणत्या तपासण्या केल्या जातात?

कानासाठी नवजात बाळाची ओएई ही चाळणी तपासणी आणि शंका आल्यास आवाजाला श्रवणचेता आणि मेंदू यांचा प्रतिसाद मोजणारी बेरा तपासणी करतात. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात, असा जगभर मान्य असलेला दंडक आहे. तोलासाठी वेगळ्या तपासण्या असतात. डोळ्यांसाठी बाहुली मोठी करून पडद्याची पाहणी, दृष्टीच्या क्षेत्राचा आलेख, पडद्याच्या थरांचे ओसीटी चित्रण आणि ईआरजी केले जाते. ईआरजीमध्ये प्रकाशाचा झोत टाकल्यावर पडद्यातून निघणारा विद्युत प्रतिसाद मोजतात. पडद्यावर डाग दिसण्याच्या आधीच हा प्रतिसाद मंदावलेला असू शकतो, म्हणून लहान मुलांत या तपासणीला महत्त्व आहे.

जनुकीय तपासणी करावी का? तिचा अहवाल कसा वाचावा?

परवडत असेल आणि समुपदेशनाची सोय असेल तर करावी, असे मी म्हणेन. रक्ताच्या एका नमुन्यावर श्रवणदोषाशी संबंधित अनेक जनुके एकदम तपासता येतात. आपल्या देशात जन्मजात बहिरेपणाचे सर्वात नेहमीचे जनुकीय कारण जीजेबी२ या जनुकात सापडते आणि त्याचा डोळ्यांशी संबंध नसतो. तसा अहवाल आला तर डोळ्यांची मोठी चिंता मिटते. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात मायो७ए हे जनुक आणि दुसऱ्या प्रकारात यूएसएच२ए हे जनुक सर्वाधिक वेळा दोषी आढळते. यूएसएच२ए मधील काही दोषांमुळे ऐकू चांगले येऊन फक्त रेटिनायटिस पिगमेंटोसा होतो, हेही माहीत असावे.

अहवालात दोन दोष दाखवले असतील, तर ते जनुकाच्या दोन वेगवेगळ्या प्रतींवर आहेत की एकाच प्रतीवर, हे आई-वडिलांचे नमुने तपासल्याशिवाय कळत नाही. कधी कधी 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असा शेरा येतो. त्याचा अर्थ विकार आहे असा होत नाही आणि नाही असाही होत नाही. त्याच्या आधारावर कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. गर्भाच्या जनुकीय तपासणीची सोय कायद्याने नोंदणीकृत केंद्रांतच आणि समुपदेशनानंतरच उपलब्ध असते.

ऐकणे आणि पाहणे दोन्ही कमी असणे म्हणजे अशर सिंड्रोमच, असेही नाही. गरोदरपणात आईला झालेल्या रुबेलामुळे बाळाचे कान, डोळे आणि हृदय यांवर परिणाम होतो आणि पडद्यावरील त्याचे डाग फसवे असतात. रेफ्सम या विरळ विकारातही रेटिनायटिस पिगमेंटोसा आणि बहिरेपणा एकत्र येतात, पण तो आहारातील पथ्याने आटोक्यात ठेवता येतो. म्हणून तो ओळखू येणे महत्त्वाचे ठरते.

कॉक्लिअर इम्प्लांटचा उपयोग होतो का? सांकेतिक भाषा शिकवावी की बोली?

पहिल्या प्रकारातील मुलांना लहान वयात, शक्यतो दोन्ही कानांत, बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो. बिघाड अंतःकर्णातील पेशींत असतो आणि इम्प्लांट त्यांना वगळून थेट श्रवणचेतेला उद्दीपित करते. दोन्ही कानांचा आग्रह एवढ्यासाठी की, आवाज कोणत्या दिशेने आला हे दोन कानांमुळे कळते, आणि ज्याला पुढे बाजूचे दिसणार नाही त्याला मागून येणारी रिक्षा कानांनीच ओळखावी लागेल. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र मुलांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची समन्वयक आहे. शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व नंतरच्या वाचा-श्रवण उपचारांना आहे. ते अर्धवट सुटले तर यंत्र कपाटात पडून राहते.

सांकेतिक भाषा आणि बोली यांत एक निवडावी, असा आग्रह धरू नये. ज्यांची सांकेतिक भाषा आधीच पक्की आहे, ते दृष्टी आकसल्यावर छातीसमोरच्या लहान चौकटीत केलेल्या खुणा वाचतात आणि पुढे समोरच्याच्या हातांवर हात ठेवून तीच भाषा स्पर्शाने वाचू लागतात. ज्यांची कोणतीच भाषा पक्की झालेली नाही, त्यांची अडचण खरी मोठी होते. ब्रेल लिपीची तोंडओळख डोळे साथ देत आहेत तोवर झाली, तर ती शिक्षा वाटत नाही.

यावर औषध आहे का? जनुकीय उपचार कुठपर्यंत आले आहेत?

पडद्यावरील मरणाऱ्या पेशी वाचवणारे मान्यताप्राप्त औषध अशर सिंड्रोमसाठी आज नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेला जनुकीय उपचार आरपीई६५ या वेगळ्या जनुकातील दोषासाठी आहे. तो येथे लागू पडत नाही. अडचण आकाराची आहे. डोळ्यात जनुक पोहोचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विषाणूवाहकात डीएनएच्या सुमारे ४,७०० अक्षरांचा मजकूर मावतो, मायो७ए चा मजकूर ६,६०० अक्षरांच्या पुढे जातो आणि यूएसएच२ए चा १५,६०० च्या आसपास. म्हणून जनुकाचे दोन तुकडे दोन वाहकांतून पाठवून पेशीत जोडण्याचे, तसेच यूएसएच२ए मधील तेराव्या तुकड्यातील दोष वाचताना वगळायला लावण्याचे प्रयोग माणसांवरील चाचण्यांपर्यंत आले आहेत. आशा ठेवावी, पण त्या भरवशावर ब्रेल किंवा काठीचे शिक्षण पुढे ढकलू नये.

दरम्यान उपचार करण्याजोगे बरेच असते. मोतीबिंदू या रुग्णांत लवकर होतो आणि शस्त्रक्रियेने काढता येतो. पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज औषधांनी कमी करता येते. म्हणून 'आता काही करता येणार नाही' असे एकदा ऐकल्यावर तपासणी सोडून देऊ नये.

स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन दृष्टी परत आणण्याच्या जाहिरातींना बळी पडू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. कोणी लाखांत फी सांगितली की तेथून उठावे.

मुलाला हे कधी सांगावे?

त्याला प्रश्न पडू लागतील तेव्हा, त्या प्रश्नापुरते. सहा वर्षांच्या मुलाला 'तुझ्या डोळ्यांना अंधारात काम करायला जमत नाही, म्हणून आपण बॅटरी घेऊ' एवढे पुरते. पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र विकाराचे नाव आणि पुढची शक्यता कळायला हवी, कारण ती विज्ञान शाखा, नोकरी आणि लग्न यांविषयी स्वतः ठरवणार असते. लपवलेले पुष्कळदा अहवालाच्या कागदावरून किंवा मोबाइलवर शोधून कळते, आणि तेव्हा विकारापेक्षा घरच्यांनी केलेली लपवाछपवी जास्त लागते.

पोहणे आणि गाडी चालवणे यांविषयी काय काळजी घ्यावी?

पहिल्या प्रकारातील व्यक्तींना पाण्यात धोका अधिक असतो. आपल्याला पाण्याखाली वर कोणते आणि खाली कोणते हे अंतःकर्ण सांगतो. तो गप्प असेल आणि पाणी गढूळ किंवा अंधारे असेल तर पृष्ठभागाची दिशाच कळत नाही. गावाकडे सुट्टीत सगळी पोरे विहिरीत उड्या मारतात, तेव्हा या मुलाला एकट्याने उडी मारू देऊ नये. उजेडी तलावात, सोबतीने पोहायला हरकत नाही.

वाहनाबाबत मऊ शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. बाजूचे दिसत नसेल तर दुचाकीही चालवू नये, मग परवाना खिशात असला तरी. 'गावातल्या गावात चालवतो' म्हणणाऱ्याला गल्लीतून आडवे येणारे लहान मूल दिसत नसते.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते का?

मिळते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि एकापेक्षा अधिक दिव्यांगत्वांच्या प्रकारात बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ज्या गटांना मिळून दिला आहे, त्यांत हा प्रकार येतो.

प्रमाणपत्रासाठी वैद्यकीय मंडळापुढे जाताना एक गोष्ट विसरू नये. या कायद्यात दृष्टीच्या क्षेत्रालाही महत्त्व आहे. चांगल्या डोळ्याचे क्षेत्र १० अंशांहून कमी असेल तर अक्षरे कितीही स्पष्ट वाचता आली तरी ती व्यक्ती अंध गणली जाते, आणि ४० ते १० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. नुसता तक्ता वाचून '६/९, दृष्टी चांगली' असा शेरा मिळाल्याने परत आलेली माणसे कमी नाहीत. दृष्टीच्या क्षेत्राचा ताजा आलेख आणि श्रवणआलेख हे दोन्ही कागद सोबत न्यावेत, आणि श्रवणदोषाचे जुने प्रमाणपत्र असेल तर नव्या अर्जात दोन्ही दोषांची एकत्र नोंद मागावी.

हेलन केलर यांनाही हाच विकार होता का?

नाही. त्यांची दृष्टी आणि श्रवण दोन्ही १९ महिन्यांच्या वयात एका आजारपणात गेले. १९५५ मध्ये त्या भारतात येऊन गेल्या होत्या. त्यांच्या नावाने १९७७ मध्ये मुंबईत सुरू झालेली बधिरांध मुलांची संस्था या क्षेत्रात देशात अग्रणी मानली जाते, आणि अशर सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनी अशा संस्थेशी लवकर संपर्क साधावा.

अशा व्यक्तीला रस्त्यात मदत करायची असेल तर कशी करावी?

मागून येऊन दंड धरून ओढू नये. त्याला आपण आल्याचे ना ऐकू आलेले असते, ना दिसलेले. समोर उजेडात यावे, तरीही लक्ष गेले नाही तर खांद्याच्या बाहेरच्या बाजूला हलकेच हात ठेवून क्षणभर तसाच राहू द्यावा. मग आपल्या कोपराच्या वर त्याचा हात ठेवून द्यावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरी आली की थांबावे. रस्ता ओलांडून झाल्यावर त्याला भर गर्दीत सोडून न जाता त्याचा हात एखाद्या भिंतीला किंवा कठड्याला लावून द्यावा, म्हणजे आपण कोठे उभे आहोत हे त्याला कळते.